गॅस वाढव

आई, आज सकाळी तुझ्या एका शब्दापायी आपलं घर पेटता पेटता राहिलं. अजून अक्षर बघ कसं वेडंवाकडं येतंय. तू गेलीस तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. तुझ्या नातवाचं तर लग्नही तू पाहिलं नाहीस. तुझी नातसून इथलीच, छत्तीसगढी घरातली. मराठी समजते, उत्तर हिंदीत देते, पण एकेक शब्द हौसेनं शिकते आहे. तीच हौस आज तिच्या जिवावर उठली होती.

मी मूगवडे तळत होतो, तुझ्यासारखेच, जरा जास्तच कडक. दाराची घंटी वाजली म्हणून तिला म्हटलं, "बेटा, गॅस वाढव," आणि दाराशी गेलो. तुला आठवतं ना, घरातल्या विस्तवाला "विझव" म्हणायचं नाही, "बंद"सुद्धा नाही. बांगडी फुटली की वाढली, दिवा वाढवायचा, आणि गॅस आल्यावर तोही वाढवायचा, म्हणजे बंदच करायचा. आच हवी असली तर आपण "मोठा कर" म्हणायचो. आपल्या घरात यात कुणाचा कधी घोटाळा झाला नाही. या पोरीनं वाढव म्हणजे बढ़ाना हे ओळखलं, बटण पूर्ण मोठं केलं आणि गच्चीवर कपडे काढायला गेली. मी समोरच्या फाटकाशी आलेल्या शेजाऱ्याला आपल्या समता कॉलोनीतल्या नाल्यांवर तावातावानं भाषण देत उभा!

धूर दिसला म्हणून धावत आत आलो तर कढईतून ज्वाळा छताला लागलेल्या. ती माझ्याआधी पोचलेली, हातात पाण्याची बादली. माझ्या तोंडून तुझाच आवाज निघाला, "पानी नोको टाकू!" मी कॉलेजात होतो तेव्हा अशाच पेटलेल्या तेलावर मी तांब्या उचलला होता आणि तू तो हातावर फटका मारून उडवला होतास. "तेलावर पानी टाकून राहिला काय रे पोट्ट्या? मले जाळतं काय?" मग तू परात आडवी सरकवून कढई झाकलीस, बटण फिरवलंस, आणि निवेपर्यंत परातीला कुणाला हात लावू दिला नाहीस. दुसऱ्या दिवशी परातीसाठी खिळा ठोकून घेतलास तो शेगडीवर नाही, दाराशी. मी हसलो तर म्हणालीस, "काहून हासतं? आगीवरून हात नेशील काय परात काढाले?"

ती परात आजही दाराशीच होती, आई. मी तशीच सरकवून कढई झाकली, बटण फिरवलं. आग शमली. सुनेच्या ओढणीचं टोक करपलं होतं आणि ती म्हणत होती, "पापाजी, आप ही ने तो बोला था, वाढव. मैंने बढ़ा दिया." तिचं काय चुकलं? मला तुझा राग आला, फार राग आला. शुभ-अशुभ सांभाळता सांभाळता पोर जळाली असती. आणि त्याच वेळी हात दाराशी तुझ्या परातीच्या रिकाम्या खिळ्यावर होता, तो काही केल्या निघत नव्हता.

दुपारी तिला बसवून सांगितलं: यापुढे या घरात "बंद कर" म्हणायचं. तळण सोडून कुणी हलायचं नाही, पेटलेल्या तेलावर पाणी नाही, आणि देवापुढचा दिवाही झोपताना जळता ठेवायचा नाही. ती तिच्या बोलीत "हव", म्हणजे हो, म्हणाली. मग मलाच तीनचारदा म्हणायला लावलं, बंद कर, बंद कर, तेव्हा कुठं जरा हसली.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एवढं सांगून टाकतो. आत्ता तिनं देवापाशी उभं राहून भीत भीत विचारलं, "पापाजी, दीया बंद कर दूँ?" मी म्हटलं, हो, बंद कर. आणि ती फुंकर घालत असताना तोंड फिरवून, तिला ऐकू जाणार नाही असं, हळूच म्हणालो, वाढव.