पालखीचा पुढचा डावा दांडा

रिबेइरा फ्रिया,
१२ जानेवारी १९६६

तीर्थरूप ओलींदा आत्या यांना,

तुमचा भाचा बेल्मीरो वाकून नमस्कार करतो आणि आशीर्वाद मागतो. तुमचा गुडघा कसा आहे? लियाँला आपल्यापेक्षा थंडी कमी असते असे बाबा म्हणतात, पण ती दमट असते असे आई म्हणते, आणि गुडघ्याला दमट हवा वाईट. तेव्हा जपावे. आतोबांनाही माझा नमस्कार सांगा (हे वाक्य मी आजोबांना वाचून दाखवणार नाही). इकडे सर्व कुशल आहे. डुक्कर नाताळाआधीच कापले, सॉसेज चुलीवर धुराला टांगले आहेत, बाबांचा खोकला गेला आणि तो आईला लागला. आजोबाही कुशल आहेत, फक्त ते स्वतः तसे मानत नाहीत आणि भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पत्राला उशीर झाला तो यामुळेच. आजोबांनी भिंतीकडचे तोंड वळवावे म्हणून मी पूर्वज शोधत होतो.

तुम्हाला बरेचसे माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून लिहितो, कारण मधूनच सुरुवात केली की माझा जीव घाबरा होतो. संत ब्रास यांना लोखंडी फणीने विंचरून मारले, आणि तसल्याच फणीने आपल्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या लोकर विंचरली, म्हणून ते पिंजाऱ्यांचे संत. (संतांना हे कसे वाटत असेल, असे मी लहानपणी पाद्रींना विचारले होते. उत्तर मिळाले नाही, कान मात्र पिरगळला गेला.) तीन फेब्रुवारीला त्यांची पालखी निघते आणि तिच्या चार दांड्यांना पिंजाऱ्यांच्या घराण्यातलेच खांदे लागतात. गिरणी आली, हाताने पिंजणारा आता एकही उरला नाही, तरी खांदे तेच. पुढचा डावा दांडा आपल्या पेद्रोझोंचा. आजोबांनी तो तरुणपणापासून उचलला. गेल्या वर्षी मात्र उतारावर त्यांचा पाय घसरला, पालखी कलली आणि संतांचा मुकुट निखळून बेकरीच्या पायरीवर जाऊन पडला. कुणाला लागले नाही. पण त्या संध्याकाळी दारूच्या दुकानात तुमचे सासरे झेफेरीनो काल्देइरा (मी आदरानेच लिहीत आहे) सगळ्यांसमोर म्हणाले, "पिंजाऱ्याचा खांदा असता तर ढळला नसता. हे पेद्रोझो मूळचे लोकर धुणारे. ओढ्यातली माणसं ती, घसरायचीच."

लोकर धुणे म्हणजे या धंद्यातले सगळ्यात खालचे काम, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. तुम्ही काल्देइरांच्या घरात लग्न करून लियाँला गेलात तेव्हा आजोबांनी जी पाठ फिरवली, त्यानंतर दोन्ही घरांत बोलणे नव्हतेच. आता हे बोलणे झाले, आणि तेही असे. संतांच्या मंडळाची बैठक बसली. पाद्री अबीलियो म्हणाले, "भांडू नका. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा लिहिलेला असतो. बघा आणि काय ते सांगा." आजोबा म्हणाले, "बघा. आणि पिंजारी निघालो नाही, तर मला त्याच दिवशी पुरून टाका." एवढे बोलून ते घरी आले आणि भिंतीकडे वळले. यंदा दांडा माझ्या खांद्यावर यायचा होता, तेव्हा शोधायचे कामही माझ्याच खांद्यावर आले. शिवाय घरात अक्षर माझे बरे, आणि शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी शुद्धलेखनात मला कुणी नाव ठेवले नाही.

आपल्या चर्चची जुनी पुस्तके सरकार घेऊन गेले तेव्हा त्या वेळच्या पाद्रींनी त्यातली काही घंटेखालच्या माळ्यावर लपवली होती, हे तुम्ही ऐकले असेल. ती अजून तिथेच आहेत. सरकारपासून वाचली, कबुतरांपासून वाचली नाहीत. चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या युफ्राझिया बाई त्याच माळ्यावर चेस्टनट वाळवतात, आणि मी एखादे पान उलटले की खालून ओरडतात, "माझे चेस्टनट मोजलेले आहेत हं." मी हातमोजे घालून वाचले, मग हातमोजे काढून वाचले, कारण मोज्याने दोन पाने एकदम उलटतात आणि मध्ये एखादा पूर्वज राहून जाण्याची भीती वाटते. जुन्या पाद्रींच्या शुद्धलेखनाविषयी, आत्या, न लिहिलेले बरे. पिंजारी हा एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी. मला राहवेना, म्हणून मी बारीक पेन्सिलीने, अगदी फिकट, चुका दुरुस्त करत गेलो. पाद्री अबीलियोंनी ते पाहिले आणि मला शिळ्या पावाचा गोळा देऊन सगळे खोडायला लावले. ते म्हणाले, "ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते स्वर्गात पोचले. तू आता त्यांची नावं कशाला सुधारतोस?" 

शोधायचे होते ते आजोबांच्या आजोबांना, बोनिफासियो पेद्रोझो यांना, कारण दांडा त्यांच्यापासून आपल्याकडे आहे एवढे घरात सर्वांना ठाऊक. समासातल्या नावावरून त्यांचा बाप्तिस्मा सापडला. मात्र नोंदीच्या वरच्या अर्ध्या भागावर मेणबत्तीचे मेण सांडून काळा डाग पडला होता. डागाखाली शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिले होते: बोनिफासियो, पिंजारी. मुलगा बोनिफासियो, बापही बोनिफासियो, आणि पिंजारी. मी तिथेच गुडघे टेकून प्रार्थना केली (एक गुडघा चेस्टनटांवर). मग या बापाचा बाप शोधला, त्याचा बाप शोधला. सगळे पिंजारी, आडनाव मात्र त्या जुन्या नोंदींत कुठेच नाही. एकाने तर संतांच्या वेदीला चांदीची फणी वाहिलेली. शंका यायला हवी होती, ती अशी की हिशेबाने हे थोरले बोनिफासियो सदुसष्टाव्या वर्षी बाप झाले होते. पण आपल्या घराण्याची प्रकृती खणखणीत असल्याचे आजोबा नेहमीच सांगतात, म्हणून मी ती शंका बाजूला ठेवली.

मग सगळे चांगल्या शाईने लिहून काढले आणि नाताळानंतरच्या रविवारी, मंडळाच्या लोकांसमोर, चर्चच्या मागच्या खोलीत उभा राहून वाचले. तुमचे सासरे समोरच्या बाकावर होते. पहिल्या पिढीला ते कपाळाला आठ्या घालून बसले होते. दुसऱ्या पिढीला त्यांनी टोपी काढली. चांदीच्या फणीपाशी आलो तेव्हा रुमाल काढून डोळे पुसू लागले. माझ्या वाचनाचा परिणाम होत आहे असे समजून मी आवाज थोडा वाढवला. वाचून संपल्यावर ते उठले, माझ्यापाशी आले आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून म्हणाले, "बाळा, हा आमचा बोनिफासियो. माझ्या आजोबांचा आजोबा. चांदीची फणी आमच्याच घरातून गेली. तू काल्देइरांचं अख्खं घराणं लावलंस. अक्षरही सुरेख आहे."

मूल आपल्याकडे धर्मपित्याचे, म्हणजे बाप्तिस्म्यात त्याला मांडीवर घेणाऱ्याचे, नाव घेते, हे कोंबड्यांनाही माहीत असावे. मी स्वतः धर्मपित्याचे नाव लावून फिरतो. नोंदीच्या शेवटच्या ओळीत बाप कधीच नसतो, धर्मपिता असतो, हेही मला माहीत होते. पण त्या पानावर मला बाप हवा होता. पाद्री अबीलियोंनी ते पान खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरले, आणि मेणाच्या डागातून नाव दिसले: दोमिंगुश, लोकर धुणारा. युफ्राझिया बाई दारातून म्हणाल्या, "तरीच हे मेलं घरच घसरडं." मग तुमच्या सासऱ्यांनी त्यांच्या घरात चालत आलेली गोष्ट सांगितली. थोरल्या बोनिफासियोंचा मुलगा ब्राझीलला निघून गेला, म्हातारा थकला, तेव्हा त्याने दांडा धर्मपुत्राला, म्हणजे आपल्या बोनिफासियोंना, दिला. मंडळाचा नियम असा की धर्मपुत्राला तो फक्त स्वतःच्या हयातीपुरता मिळतो, मग मूळ घराण्याकडे परत जातो. पुढे ब्राझीलचा मुलगा परत आला, पण तोवर म्हातारा गेला होता; त्या मुलाने मानीपणाने मागितला नाही आणि आपल्या लोकांकडून परत द्यायचे राहून गेले. आजवर राहून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माळ्यावर गेलो. कुणी सांगितले नव्हते. पिंजाऱ्यांचे सगळे वाचले होते, धुणाऱ्यांचे काहीच वाचले नव्हते, आणि आता ते आपले होते. दोमिंगुश आणि त्यांची बायको काताना यांची मुले शोधली. इनासिया नावाची मुलगी जानेवारीत गेली. पुढे पुन्हा एक इनासिया, तीही हिवाळ्यात. तिसऱ्या इनासियाला तर ओढ्याकाठीच सुईणीने बाप्तिस्म्याचे पाणी लावले, कारण चर्चपर्यंत आणण्याइतका वेळ नव्हता. बर्फ फोडून लोकर धुवायची आणि मूल काठावर टोपलीत ठेवायचे, असे ते काम होते. पिंजाऱ्यांची पाने वाचताना मला फार बोलावेसे वाटत होते. ही पाने वाचल्यावर मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही, आणि आईने मला एरंडेल दिले. त्या सगळ्यांतून एकटे बोनिफासियो जगले. थोरल्या बोनिफासियोंसारखा पिंजारी एका धुणाऱ्याच्या मुलाला मांडीवर घ्यायला कसा तयार झाला, ते पुस्तकात नाही.

मंडळाने ठरवले ते असे: दांडा काल्देइरांचा. तुमचे सासरे हर्नियाचा पट्टा बांधून फिरतात, त्यांना उचलवणार नाही. त्यांचा मुलगा एकच, म्हणजे आतोबा. सणाच्या आदल्या दिवसापर्यंत काल्देइरांपैकी कुणी उभा राहिला नाही, तर दांडा गिरणीच्या मॅनेजरच्या मेव्हण्याला जाईल. तो लिस्बनचा आहे आणि लोकरीने त्याला शिंका येतात. आजोबांना अजून यातले काही सांगितलेले नाही. ते भिंतीकडूनच विचारतात, "काय निघालं?" आणि मी म्हणतो, "अक्षर फार वाईट आहे, अजून वाचतोय." ते दोन-चार चमच्यांवर जेवण भागवतात, तेही आई रडेल म्हणून. हे पत्र केवळ तुमच्या माहितीसाठी आहे. तुम्ही काळजी करू नये, काही करण्यासारखे नाही. चुकीचे काही लिहिले असेल तर क्षमा असावी, आणि शुद्धलेखनाची चूक आढळली तर कळवावे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
बेल्मीरो पेद्रोझो

ता.क. काही करण्यासारखे नाही असे वर लिहिले ते बरोबर नाही. आतोबांनी दोन फेब्रुवारीपर्यंत इथे यावे. तुम्हीही यावे. हे माझे मीच लिहीत आहे, मला कुणी सांगितलेले नाही. काल पोस्टापाशी तुमचे सासरे भेटले. म्हणाले, "लियाँला पत्र जातं का रे तुझं?" मी म्हटले, जाते. "काय लिहितोस?" मी म्हटले, प्रकृती. "कुणाची?" मी म्हटले, सगळ्यांची. त्यांनी दाताने एक अक्रोड फोडला, खाल्ला आणि म्हणाले, "मग माझीही लिही. चांगली नाही म्हणून लिही." तेव्हा लिहिले आहे.

ता.क. २. पाकीट बंद करायचे राहिले होते. आज बाबा म्हणाले की मी सांगितले नाही तर ते सांगतील, म्हणून मीच सांगितले. क्रमाने सांगितले. आजोबांनी मधे एकदाही अडवले नाही. धुणाऱ्यांपाशी मी थांबलो, तर म्हणाले, "वाच पुढं." तिन्ही इनासियांच्या नोंदी वाचून दाखवल्या. मग अंथरुणात वळून बसले आणि म्हणाले, "म्हणजे दांडा ओलींदाच्या नवऱ्याचा." मी म्हटले, होय. त्यांनी आईकडे कोबीचे सूप मागितले. अर्धे झाल्यावर विचारले, "उंचीला कसा आहे रे तो? तेव्हा मी नीट बघितलाच नाही." पुढच्या उजव्या दांड्याचा माणूस बुटका आहे; उंचीत फरक असेल तर आतोबांच्या बाजूचा दांडा बसवायची खाच आधीच वर-खाली करावी लागेल, आणि ते काम आजोबा स्वतः करणार आहेत. उंची पत्राने कळवू नये. आजोबांचा लिहिलेल्यावर आता विश्वास राहिलेला नाही, ते माणूस उभा करूनच मोजतील.