इंग्रिडचा वाफा

प्रिय आप्पा,
नॉर्वेतून पाया पडते. तब्येत छान आहे, वेळेवर जेवते.

इथला बर्फ वितळला. क्लोव्हर, आपल्या लसूणघासासारखा चारा, इथल्या थंडीत दोन वर्षांत मरतो. तो जास्त टिकावा म्हणूनच आमच्या संशोधन केंद्राची धडपड. माझी सगळी रोपं तिसऱ्या हिवाळ्यात गेली. शेजारीच माझ्या सहकारी इंग्रिडचा वाफा मात्र हिरवागार! इतकी जळले, आप्पा, की तिचं एक रोप उपटलंच.

तेवढ्यात ती आली. म्हणाली, "मुळं बघतेयस? अजून दोन घे, तुझ्या वाणाशी संकर करून बघ."

मी खरं बोलले नाही. रोपं घेतली. आभार मात्र अजून तोंडातून निघालेले नाहीत.

मांजरीच्या आपल्या शेतात हल्ली घास कोण कापतं? आईला रोप उपटल्याचं सांगू नका.

तुमची,
शेफाली