घेणाऱ्याचं नाव

४ ऑगस्ट २०२५, कुंभकोणम्
पोहोचले बाई एकदाची! उतरल्या उतरल्या पितळी पेला-वाटीतली फेसाळ कॉफी प्यायले आणि प्रवासाचा शीण गेला. निमलष्करी दलात वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची दोन परदेशात, शांतिसेनेची निळी टोपी घालून एका निर्वासित छावणीत. मार्चमध्ये आमची तुकडी परत आली, मी निवृत्ती घेतली. आता त्याच छावणीला आपला देश तीनशे चाळीस पातेली पाठवतोय. इथल्या गोदामात ती तपासून रवाना करायची, हे माझं निवृत्तीनंतरचं काम. माझ्या आईनं बाहत्तरच्या दुष्काळात परदेशाहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. लेक आता देणाऱ्यांच्या रांगेत. आईला सांगायला हवं होतं.

६ ऑगस्ट
पातेल्यांवर छिन्नीनं टिंबं ठोकून नावं घालायला अंबाबाई येतात. तंजावरी मराठी, बाहेर तमिळ, माझ्याशी मात्र बखरीतलं मराठी. कंत्राटदार गुरुमूर्तींना 'भारताकडून सप्रेम भेट' असं हवं होतं. मी म्हटलं, तुकडी परत आणली तेव्हा डंका पिटला नाही, मग भांड्यांवर कशाला? घेणाऱ्यांची नावं घाला, म्हणजे कुणी पळवणार नाही. यादी माझ्याकडे होतीच, छावणीत घरोघर बसून केलेली.

अंबाबाईंचा हात थबकला. त्यांच्या घराण्यात देणाऱ्याचं नाव घालतात. घेणाऱ्याचं फक्त तेराव्याच्या भांड्यावर, गेलेल्या माणसाचं. आणि तसं भांडं रितं ठेवत नाहीत. "ज्याचें नांव, त्यास वाढलें पाहिजे, अक्का." मला हसू आलं. ही जितीजागती माणसं आहेत, म्हटलं. पहिलं नाव मरियामाचं घालून घेतलं. माझ्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालायची ती.

१९ ऑगस्ट
दिल्लीहून पत्र आलं. खेप रद्द. धोरण बदललं, आता मदत शेजारी देशांना आधी. नावं घासून टाका, झेंडा चिकटवा. मी फोन करून विचारलं, छावणीचं काय? साहेब बसची वेळ सांगावी तसे बोलले: छावणी मार्चमध्येच जाळली, तुमची तुकडी निघाली त्याच आठवड्यात. लोकांना बाहेर पडता आलं नाही म्हणे. पातेल्यांची फाईल तेवढी टेबलाटेबलावरून चालत राहिली होती.

म्हणजे मी मेलेल्यांची नावं घालून घेतली.

२० ऑगस्ट
घासणीच्या यंत्रानं सगळी नावं उडवली. अंबाबाई आल्या नाहीत. आधी मूठ मूठ तांदूळ घाला, असा निरोप पाठवला. मी चिडले. जिवंतपणी पोहोचवला नाही, आता कुणासाठी घालायचा?

२१ ऑगस्ट
नावं परत आली आहेत. अंबाबाईंची टिंबं नव्हेत. ओबडधोबड, नखानं कोरल्यासारखी. गुरुमूर्ती म्हणतात, घासणाराच कामचोर. मी समोर उभी राहून पुन्हा घासून घेतली.

२३ ऑगस्ट
भर दुपार. सगळे जेवायला गेलेले. आत एक पातेलं वाजलं, पळीनं बडवल्यासारखं. मग दुसरं. मग सगळी. छावणीत धान्य उशिरा आलं की बायका रिकामी पातेली अशीच बडवत. दार उघडलं तर शांत. काल पालथी ठेवलेली पातेली उताणी, एका रांगेत. नावं होतीच.

२४ ऑगस्ट
तांदूळ घातला. प्रत्येकात. तरी वाजणं थांबेना. अंबाबाईंना घरून बोलावून आणलं. त्यांनी दारातूनच ऐकलं आणि म्हणाल्या, ही भूक नव्हे. काय कबूल केलं होतं, विचारलं. मी तांदळाचं पोतं बांधायला घेतलं. त्या गेल्या, पुन्हा येणार नाहीत.

२५ ऑगस्ट
इथे तरी लिहिते. निघायच्या दिवशी हुकूम साधा होता: गर्दी गाड्यांखाली येऊ नये म्हणून फाटक बाहेरून लावायचं, गाड्या रस्त्याला लागल्या की उघडायचं, किल्ली छावणीच्या पंचांना द्यायची. ते काम माझं. मरियामानं गजांतून हात बाहेर काढला. परत येशील ना, विचारलं. येईन म्हटलं, आधी भांडी पाठवते. तिच्याकडे बघवेना म्हणून तोंड फिरवून गाडीत जाऊन बसले.
किल्ली विमानतळावर खिशात सापडली. कुणाला सांगितलं नाही.
लाज वाटते — लाज हा शब्दही —

२६ ऑगस्ट, दुपार
वाजणं थांबलं. आता दार हलतंय. आतून. कुलूप मीच लावलंय —
गुरुमूर्ती पापनाशमला गेलेत. रस्त्यावर चिटपाखरू नाही.
आत कुणी खोकतंय. पुष्कळ जण. फटीतून धूर —
उघडते. या वेळी उघडते —

आत कुणी नाही. तांदूळ जळून काळा झालाय.
दार मागे लागलं. बाहेरून. हाका मारल्या —
खिडकीच्या गजांपलीकडे मरियामा. किल्ली तिच्याकडे. मी हात बाहेर काढला. परत येशील ना, म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिर