होडीची वरची बाजू

सोमवार, ३ मार्च
सेकंडहँड मोटर आली. जड आहे, पण दणकट. बाबा रविवारी संध्याकाळी ताईकडे राहायला जाणार, कायमचे. त्याआधी सकाळी त्यांना त्यांच्याच होडीतून तळ्यातल्या बेटावर नेऊन आणायचं, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलोय. दुपारी वारा पडतो, शीड लोंबतं, म्हणून परतीला मोटर. मागे मधोमध सुकाणू आहे, तेव्हा मोटर बाजूला ब्रॅकेटवर. डावीकडे की उजवीकडे, एवढाच प्रश्न. आजच सोक्षमोक्ष लावतो.

मंगळवार, ४ मार्च
मेव्हणा फोनवर म्हणाला, मेकॅनिकला बोलव. याला स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडता येत नाही. डावी बाजू फायनल.

बुधवार, ५ मार्च
उजवी बाजू फायनल.

गुरुवार, ६ मार्च
तळाला रंग द्यायला होडी दोन बाकांवर पालथी घातली. लगे हात ब्रॅकेटचं मापही घेतलं. खडूनं बाण काढून शेजारी लिहिलं: वर. उगाच गोंधळ नको. बायको विचारत होती, होडी पालथी आहे हे लक्षात आहे ना. म्हटलं, पालथी केली कुणी? ती मान हलवत आत गेली. पटलं असावं.

शुक्रवार, ७ मार्च
चार भोकं पाडली, बोल्ट आवळले. ब्रॅकेट जाम हलत नाही. बाबा काठी टेकत येऊन बघून गेले. मोटर पाणबुडीला लावतोयस का, म्हणाले. वय झालं की विनोदाची धार जाते.

शनिवार, ८ मार्च
होडी सुलटी केली. ब्रॅकेट तळाशी, उलटा. मोटर लावली तर इंजिन पाण्यात आणि पंखा हवेत.
तिथेच खाली बसलो. रडू येईल असं वाटलं. आलं.
घरात इतकी माणसं, एकानं सांगू नये?

संध्याकाळी
भोकांत लांबी भरली. दोन दिवस वाळू द्या, असं डब्यावर छापलंय. कंपन्या उगाच घाबरवतात. ब्रॅकेट वर घेताना फळी उभी चिरली. रंग मारला. दिसत नाही.

रविवार, ९ मार्च
बाबा टोपी घालून कधीचे तयार. मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली, हे इथे नोंदवून ठेवतो. लगेच ब्रॅकेट फळीच्या तुकड्यासकट निघाला आणि मोटर तळ्यात गेली. चारही भोकांतून पाणी. काठ हातभर अंतरावर होता. बाबा घोटाभर पाण्यात बसून बेटाकडे बघत होते. मी ओंजळीनं पाणी उपसत होतो. ते म्हणाले, इथूनही चांगलं दिसतं.

संध्याकाळी
ताईची गाडी आली, बाबा गेले. निघण्याआधी बराच वेळ अंगणात होडीपाशी उभे होते. आत्ता जाऊन बघितलं. होडीच्या कडेला खडूनं बाण काढलाय, आकाशाकडे, आणि शेजारी त्यांच्या थरथरत्या अक्षरात: वर.
म्हणजे माझी पद्धत शेवटी त्यांना पटली. त्यांना हे फोन करून सांगायला हवं. कालपर्यंत नुसतं शेजारच्या खोलीत जावं लागायचं.