पिवळ्या पाकळीखालची हवा

मंगळवार, ४ मार्च

चि. शहाण्यास,

ताईचे आशीर्वाद. घरातलं हे नाव तुला अजून पुरतं, म्हणून तेच लिहिते.

बाबा बरे आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण चाललंय. तुझ्या सत्काराचं कात्रण बाबांनी कपाटाच्या दाराला चिकटवलंय, त्यामुळे टॉवेल काढायला गेलं की तुझं दर्शन घडतं. हातात मानपत्र, चेहऱ्यावर विनय. विनय तुला शोभत नाही रे, दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा दिसतो. खाली छापलंय, "पिवळ्या फुलाची चमक त्याच्या रंगद्रव्यातच असते, हे सिद्ध करणारे प्राध्यापक." बाबा येईल त्याला ते वाचून दाखवतात. मी तेवढ्यात चहा ठेवायला उठते.

परवा तुझी विद्यार्थिनी आली होती. तीच, जिचा प्रबंध तू "निरीक्षणात दोष" असा शेरा मारून परत केलास. दारातच म्हणाली, "तुम्ही सरांच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं पाकळ्यांचे काप काढलेत ना? माझा काप चुकलाय का, तेवढं सांगा. चुकला असेल तर मी सगळं सोडून देते."

तिनं छोटा सूक्ष्मदर्शक सोबत आणला होता. ओट्यावर जागा करून मी डोळा लावला. असा काप मलाही क्वचितच जमला असेल. वर पेशींचा एकच थर, फरशीसारखा सपाट, पिवळ्या द्रव्यानं भरलेला. त्याच्या खाली हवेची बारीक फट. रंग द्रव्याचा, चमक त्या सपाट थराची आणि फटीची. पोरीनं फटीत पाणी भरून पाहिलं होतं. पिवळा तसाच राहिला, चमक निम्म्यावर आली. मखमली फुलांच्या पेशी शंकूसारख्या वर आलेल्या असतात, म्हणून त्यांचा रंग गडद आणि चमक नाही, हे तूच पहिल्या वर्षाला शिकवतोस. शिकवतोस, पाहत नाहीस. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला तू डोळा लावायचास तो फोटो काढायला कोणी आलं तर.

"काप बरोबर आहे," मी म्हणाले. ती ओट्याला धरून रडली.

आता ज्यासाठी हे पत्र, ते.

ती फट मी नऊ वर्षांपूर्वी पाहिली होती. तुझा लेख छापायला जायच्या आदल्या आठवड्यात. तुझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले होते, "अरे, खाली हवा दिसतेय." तू मान वर न करता म्हणालास, "ताई, तू काप पातळ काढ. अर्थ लावायला मी आहे." समोर दोन पाहुणे बसले होते, ते हसले.

मी गप्प बसले. काचपट्ट्या आणि वही घरी आणली. पुन्हा सांगता आलं असतं. तारखा होत्या, चित्रं होती. पण म्हटलं, छापू दे, पडू दे तोंडावर. तू पडला नाहीस, वर चढलास. आणि तुझ्या प्रत्येक सत्काराला मी मनात हसत राहिले. नऊ वर्षं! तू निदान पाहिलं नव्हतंस. मी पाहिलं होतं. तुझ्यावरचा राग मी जपून ठेवला आणि तो त्या मुलीच्या अंगावर आला.

वही आणि काचपट्ट्या तिला दिल्या आहेत. गुरुवारी अकरा वाजता मी तिच्या प्रबंधाच्या फेरतपासणी समितीपुढे जाणार आहे. काय पाहिलं, केव्हा पाहिलं आणि का लपवलं, सगळं सांगेन. बाबांना आज सकाळी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दोघांपैकी एकानंही खरं सांगितलं नाही?"

हे पत्र तुझ्या शिपायाच्या हाती देतेय. उद्याचा दिवस तुझा. तू स्वतः जाऊन खरं सांगितलंस तर मी तुझ्यानंतर बोलेन. तू जाशील असं मला वाटत नाही. पण तुझ्याबद्दल एकदा तरी माझं चुकावं, अशी फार इच्छा आहे.

पाहून गप्प बसलेली,
तुझी ताई