नाक दोघांचं होतं

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अमरावतीच्या कापूसबाजारात मला अजून 'नाकघाशा जमादाराचा पोरगा' म्हणतात. केस पिकले, तरी मी पोरगाच. मला त्यांचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर तुमचाही येतो.

कापसाच्या त्या तेजीत तुम्ही गोऱ्या साहेबाच्या वखारीवर जमादार होता. साहेब आधी पलटणीत होता, न्यूझीलंडात माओरी लोकांशी लढून आलेला. ते लोक पाहुण्याला कसे भेटतात, हे त्याने एक दिवस भर बाजारात तुमच्यावरच करून दाखवलं. कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवायचं आणि दोघांनी मिळून श्वास घ्यायचा. मग पाहुणा परका राहत नाही, घरचा होतो. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांचीच ही रीत, आणि साहेबाला तिची गंमत वाटत होती. तुम्हाला मात्र ती खरी वाटली. आपल्याकडे नाक घासणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? संध्याकाळपर्यंत गावभर झालं, जमादाराने साहेबापुढे नाक घासलं. चुलीपाशी मी तुमच्यावर ओरडलो, तेव्हा तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "त्यानं बी टेकवलं ना रे. नाक दोघाइचं होतं."

पुढे भाव कोसळले आणि साहेब निघाला. आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंतच येत होती. वलगावचा तुमचा जिवलग गाडीवान त्याचं सामान घेऊन अकोल्याच्या स्टेशनावर आला, सोबत आपण दोघे. आगगाडी उभी आहे. तुम्ही पागोटं मागे सारता, डोळे मिटता आणि कपाळ पुढे करता. साहेब एक पाऊल मागे सरतो, रुमाल नाकाला लावतो. तुम्ही तसेच वाकलेले. मागून कुणीतरी फिदीफिदी हसतं, मग सगळा फलाट हसतो.

परतताना तुम्ही गाडीवानाला म्हणालात, "तू हासला. आजपासून तुया माया रामराम बंद."

"मी नाई हासलो भाऊ, लेकराची आन!" तो रडकुंडीला आला होता. तुम्ही ऐकलं नाही. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तो वलगावहून चालत आला, तर तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. तो उंबऱ्यावरूनच परतला, आणि मी पाहत उभा राहिलो.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितोय. लोकांनी मला तुमच्यात धरू नये म्हणून, बाबा, पहिला मी हसलो होतो.