'बिऱ्हाड बांधावर' आणि मामींची भाकरी

शुक्रवार पेठ, सोलापूर
अधिक महिना, संपत आलेला

ती. चिमामामींना जावई अमृतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल लावता का, की बाटली अजून फळीवरच आहे? इकडे प्रियांका बरी आहे आणि मी जसा होतो तसाच आहे. फोन केला की तुम्ही "रेंज न्हाय" म्हणून ठेवता, तेही इतक्या खणखणीत आवाजात की रेंजनेच लाजावं. म्हणून हे पत्र. तुमचा लेक बिरुदेव वाचून दाखवेल. (बिरुदेवा, कंसातलं फक्त तुझ्यासाठी. मनातल्या मनात वाच आणि चेहरा सरळ ठेव.)

तर मामी, आपली 'बिऱ्हाड बांधावर' बंद पडली. पुण्याचं जोडपं नोकरी सोडून खेड्यात राहायला जातं आणि गमती होतात, अशी विनोदी मालिका होती. गमती सोडून सगळं झालं. वाहिनीवाल्यांना खेड्याची माहिती असलेला लेखक हवा होता. मी छाती फुगवून म्हणालो, माझी सासुरवाडी कुंभारी! (कुंभारी सोलापूरला किती खेटून आहे, ते त्यांनी विचारलं नाही.) पण जावयाला खेडं दिसतं तरी किती? आला की ओसरीवर वाकळ अंथरायची, पाठीला उशी द्यायची, आणि उठायला लागला की "बसा की, कुटं निगाला?" इतक्या वर्षांत त्या वाकळेवरून मला एक लिंबाचं झाड, एक हौद आणि एक लंगडी कोंबडी दिसली. तेवढंच माझं खेडं. त्यामुळे मालिकेतल्या गावात कुणी काम करत नाही, सगळे दिवसभर जेवतात. सरपंच आला, वाढा. फौजदार आला, वाढा. एकदा चोर आला, तर त्यालाही "आवं लाजता कशापायी, आजून एक घ्या की!" एका प्रेक्षकाने लिहिलं, हे गाव आहे की मंगल कार्यालय? कोंबडीचं काम मात्र सगळ्यांना आवडलं.

शिवाय गावाकडचं बोलणं म्हणून मला फक्त तुमचं येतं. म्हणून सगळं गाव तुमच्यासारखं बोलू लागलं. मिशीवाला फौजदारसुद्धा कमरेवर हात ठेवून "या बया!" म्हणायचा. आणि त्यातली सासू तर शब्द न् शब्द तुम्हीच. कुंभारीने पहिल्या दिवशीच ओळखलं. तोवर तुम्हीही खूश होता, गल्ली गोळा करून टीव्ही लावत होता, असं ऐकलं. मग तो भाग आला. ती सासू चुलीपुढं बसली आणि तिने पोळपाटावर भाकरी लाटली.

दुसऱ्या दिवशी गिरणीत बायकांनी तुम्हाला "चिमाबाई, लाटनं नवं घेतलं व्हय?" म्हणून विचारलं म्हणे. जिच्या भाकरीचा पापुद्रा बघायला शेजारणी यायच्या, तिला हे ऐकावं लागलं! मामी, चूक माझी. नटीची नखं रंगवलेली होती, तिला थापता येईना, असं सांगून सुटता आलं असतं. पण नाही, मूर्ख मीच. (बिरुदेवा, नटीला झकास थापता येत होती. पुढं सांगतो.)

तेव्हापासून तुम्ही मला 'जावईबापू' म्हणता. आधी "आवं अमृत, तुमाला अक्कल कवा यायची?" म्हणायचात, ते किती आपलं वाटायचं! आता चुकून फोन घेतलात तरी "बरं हाय नव्हं, जावईबापू?" एवढंच. आई गेल्यापासून माझी कानउघाडणी करणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. प्रियांका करते, पण तिला तुमची धार नाही. पेठेतले सगळे जावई सासुरवाडीला धोंडे खाऊन, नवे कपडे घालून मिरवतायत. मला विचारलं की मी पोट बिघडल्याचं सांगतो. मामी, रागवा, चार माणसांत रागवा, पण अधिक महिना सरायच्या आत बोलवा.

आपला,
अक्कल अजून वाटेत असलेला
अमृत

ता. क. बोलावलंत तर मी वाकळेवर बसणार नाही. आत चुलीपाशी येऊन भाकरी कशी थापतात ते बघेन. इतकी वर्षं आतून थपथप ऐकू यायची, मला वाटायचं कुणीतरी धुणं धुतंय.

ता. क. २ (ही सगळी कंसातच, बिरुदेवा. नटीने पीठ हातावर घेतलं तेव्हा शूटिंग मीच थांबवलं. "बाई, आमच्याकडं अशी करत नाहीत," म्हणून लाटणं तिच्या हातात दिलं. आमच्या घरी आधी कडक भाकरी बाजारातून यायची. लग्न झाल्यापासून मी ती प्रियांकाने लाटलेलीच बघतोय. म्हटलं, चिमामामींच्या लेकीपेक्षा जास्त कुणाला कळणार? तो भाग लागल्यापासून तुझी बहीण माहेरचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी आणते, आणि मला तिला तसं बघवत नाही रे. दोष माझ्या नावावरच राहू दे. फक्त आम्ही धोंड्याला आलो की तिला चुलीपुढं बसू देऊ नको. मामींनी हाक मारली, तर म्हण, आज जावईबापूंनाच थापायची आहे.)